आईची गोळी आणि चहाचे ग्लास

रात्री सगळं शांत झालं की आमच्या घरात आईच्या छातीतून टिकटिक ऐकू येते.

पहाडगंजमध्ये ‘सगळं शांत’ असं फार क्वचित होतं. नवी दिल्ली स्टेशन हाकेच्या अंतरावर. मध्यरात्रीसुद्धा कोणीतरी बॅगेची चाकं खडखडवत हॉटेल शोधत असतं. पण डिसेंबर-जानेवारीत, दारं-खिडक्या बंद करून सगळे रजईत शिरले की तो आवाज येतो. हातावरच्या घड्याळाचा यावा तसा बारीक, धातूचा. मी सातवीत असताना आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून तो आवाज आमच्या घरातलाच एक झाला आहे.

आईचं बालपण सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. लहानपणी तिचा घसा सारखा सुजायचा. मग ताप आणि सांधे दुखायचे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर सगळं भागवलं गेलं. तो संधिवाताचा ताप होता आणि त्याने हृदयाची मायट्रल झडप खराब केली, हे कळायला पंचवीस वर्षं लागली. लग्न होऊन ती दिल्लीला आली, मी झाले, आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराचा जिना तिला चढवेना.

तिची नवी झडप भारतीय बनावटीची आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा एका रुग्णाला बसवली. परदेशी झडपेपेक्षा ती स्वस्त पडते. आमच्यासारख्या घरांना त्या फरकाची किंमत बरोबर कळते.

झडपेबरोबर एक छोटी गोळीही घरात आली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याची भीती असते, म्हणून रक्त गोठण्याचा वेग जरा कमी ठेवायचा. गोळी जन्मभर. आणि दर महिन्याला रक्त तपासून आयएनआर नावाचा एक आकडा बघायचा. तुमच्या-माझ्यासारख्यांचा तो साधारण १ असतो. आईचा २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

इतकी वर्षं हे सगळं आई स्वतःच सांभाळत होती. मला फक्त गोळीचा रंग माहीत होता.

मी लिहिलेलं एक वाक्य

मी कंटेंट रायटर आहे. नूतन मराठी शाळेत शिकले, पुढे इंग्रजीत बीए केलं, आणि आता इंग्रजी, हिंदी, मराठी, जे मागतील त्यात लिहिते. सकाळी गाद्या कशा निवडाव्यात, दुपारी केसगळतीवर सात उपाय, संध्याकाळी गोव्यातले शांत समुद्रकिनारे.

मागच्या डिसेंबरात एका संकेतस्थळासाठी मी ‘रोजच्या वापरातल्या दहा गोष्टींचा चकित करणारा इतिहास’ असा लेख लिहिला. त्यात सातव्या क्रमांकावर होतं: ‘रक्त पातळ करण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध मुळात उंदीर मारण्याचं विष आहे!’ उद्गारचिन्ह मीच टाकलं होतं. लेख चांगला चालला. मी पुढच्या कामाला लागले.

जानेवारीत आईचा आयएनआर १.४ आला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “सर्दियों में साग ज़्यादा खा रही हैं क्या?” दिल्लीच्या थंडीत हे बऱ्याच रुग्णांचं होतं म्हणे. सरसों, पालक, मेथी, बथुआ, सगळं एकदम बाजारात येतं आणि लोक रोज खातात. पण आईने तर पालेभाजी कधीच सोडली होती. ऑपरेशननंतर कोणीतरी ‘हिरवं जपून खा’ म्हणालं, त्याचा अर्थ तिने ‘खाऊच नको’ असा घेतला होता. डॉक्टर कोड्यात पडले. “दवा रोज़ ले रही हैं ना?” आईने मान हलवली.

घरी आल्यावर मी गोळ्यांचा डबा काढला. महिन्याच्या हिशेबाने ती पट्टी संपायला हवी होती. पट्टीत बऱ्याच गोळ्या शिल्लक होत्या. आणि डब्याच्या कोपऱ्यात, कापसाखाली, अर्ध्या तोडलेल्या गोळ्यांचे तुकडे.

“आई, हे काय?”

ती काही बोलली नाही. मग फोन काढून तिने तोच लेख माझ्यासमोर धरला. माझं सगळं लिखाण ती वाचते, गाद्यांवरचंसुद्धा. वाचते आणि सांगलीच्या मावशीला पाठवते.

“तूच लिहिलंस ना, विष आहे म्हणून? मी खाली मेडिकलवाल्याला विचारलं, माझी गोळी त्याच जातीची का. तो हो म्हणाला. पूर्ण बंद करायला भीती वाटली गं. म्हणून अर्धी घेत होते.”

“मला का नाही विचारलंस?”

“तुलाच तर वाचलं होतं.”

त्या रात्री टिकटिक ऐकत मी जागीच होते. दुसऱ्या दिवशी परत रुग्णालयात गेलो. झडपेची सोनोग्राफी झाली. गुठळी नव्हती. आकडा वर येईपर्यंत पोटात टोचायची इंजेक्शनं दिली. आम्ही थोडक्यात वाचलो, एवढंच.

ते विष, ते औषध आणि एक शेतकरी

मग मी ते केलं, जे लेख लिहिण्याआधी करायला हवं होतं. नीट वाचलं.

गोष्ट सुरू होते १९२० च्या दशकात, अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागात. तिथे गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं छाटली, साधी जखम झाली, तरी रक्त थांबेना. कारण निघालं स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्यात. ओला राहून बुरशी आलेला चारा खाल्ला की असं व्हायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनला पोहोचला. गाडीत मेलेली गाय, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. तो कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंक यांच्या चमूने काही वर्षं खपून १९३९ मध्ये त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ वेगळा काढला. त्याच कुळातला पुढे बनवलेला एक पदार्थ म्हणजे वॉरफरिन. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. आईची असेनोकूमारॉलची गोळी त्याच कुळातली.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बुरशीचा कडबा गुरांना घालू नये, हे आमचे दादाही सांगायचे.” मग थोडं थांबून, “पण ही गोळी शरीरात जाऊन करते तरी काय?”

याचं उत्तर मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सापडलं.

चोवीस ग्लास

तिथे एक चहावाले आहेत. त्यांच्याकडे काचेचे ग्लास जेमतेम चोवीस. तरी सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो चहा जातात. कारण बाजूला बसलेले एक काका उष्टे ग्लास सतत विसळून परत देत असतात. ग्लास थोडे, पण फिरते.

आपल्या शरीरात व्हिटॅमिन के असंच फिरतं.

हे जीवनसत्त्व हेन्रिक डाम यांना कोपनहेगनमध्ये सापडलं. स्निग्ध पदार्थ काढून घेतलेलं खाणं दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांना रक्तस्राव होतो, हे त्यांनी १९२९ च्या सुमारास पाहिलं. ‘के’ हे अक्षर कोॲग्युलेशन, म्हणजे गोठणे, या शब्दावरून आलं. त्यांच्या भाषेत तो शब्द ‘के’ने सुरू होतो. १९४३ चं नोबेल त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं.

आपलं यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवतं. दोन, सात, नऊ आणि दहा अशा क्रमांकांनी डॉक्टर त्यांना ओळखतात. पण बनल्या बनल्या ही प्रथिनं कामाची नसतात. त्यांना कॅल्शियम पकडता आलं पाहिजे. तरच ती जखमेच्या जागी चिकटतात. ही पकड बसवून देणारं एक एन्झाइम असतं, आणि त्या कामाला त्याला व्हिटॅमिन के लागतं. काम झालं की ते व्हिटॅमिन के ‘उष्टं’ होतं, म्हणजे त्याचं रूप बदलतं आणि तसंच परत वापरता येत नाही.

इथे विसळणारे काका येतात. त्या एन्झाइमचं नाव आहे व्हीकेओआर. ते वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा मूळ रूपात आणतं आणि कामाला लावतं. हे चक्र सतत चालू असतं. शरीरात व्हिटॅमिन केचा साठा फार थोडा असतो, तरी रोजच्या थोड्याशा खाण्यावर आपलं भागतं ते त्यामुळेच. स्टेशनवरच्या कुल्हडसारखं एकदा वापरून फेकून द्यायचं असतं, तर आपल्याला टोपलीभर पालेभाजी खावी लागली असती.

आणि आईची गोळी? ती त्या काकांचा हात धरते. पूर्ण बांधून ठेवत नाही, हळू करते. उष्टे ग्लास साचतात, चहा कमी जातो. म्हणजे गोठवणारी प्रथिनं कमी बनतात.

“पण आधी ओतलेला चहा तर असतोच की,” आई म्हणाली.

अगदी बरोबर. रक्तात आधीच तयार असलेली प्रथिनं संपायला वेळ लागतो. त्यातलं एक काही तासांत निम्मं होतं, तर दुसऱ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आज गोळी चुकली तर आज काहीच जाणवत नाही. फरक दिसतो दोन-चार दिवसांनी. आईला अर्धी गोळी घेऊन ‘काही होत नाही’ असं वाटलं, ते याचमुळे.

या काकांचं जनुक शास्त्रज्ञांना २००४ मध्ये सापडलं. ते प्रत्येकात थोडं वेगळं असू शकतं. कुणाचा हात पटकन हळू होतो, कुणाचा होत नाही. एकाला कमी डोस पुरतो आणि दुसऱ्याला कितीतरी जास्त लागतो, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून शेजारणीची गोळी बघून आपली ठरवायची नसते.

आईचा प्रश्न

मग आईने असा प्रश्न विचारला, जो मला सुचलाच नव्हता.

“काका हळू झाले, पण कोणी नवीन ग्लासांचं खोकं आणून दिलं तर?”

तर विक्री वाढणार. नवीन ग्लास म्हणजे पालेभाजी. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं. अमेरिकेत बाईला दिवसाला ९० आणि पुरुषाला १२० मायक्रोग्रॅम पुरेसं मानतात. थंडीत रोज सरसों का साग खाल्लं की आकडा का घसरतो, ते यावरून कळतं.

पण दुकानातून आणलेला नवा ग्लासही एकदा विसळावा लागतो ना? मग काकांचा हात धरलेला असताना तो कोण विसळतं? हे कोडं बरीच वर्षं होतं. व्हिटॅमिन के दिलं की या औषधाचा जास्त झालेला परिणाम उतरवता येतो, हे डॉक्टरांना माहीत होतं, पण कुठल्या वाटेने ते नक्की नव्हतं. २०२२ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की एफएसपी१ नावाचं दुसरं एक एन्झाइम हे करतं. ते नवे ग्लास विसळतं, उष्टे मात्र धुऊ शकत नाही. आणि त्याच्यावर या गोळीचा असर होत नाही.

“म्हणजे मी भाजी सोडली ते बरंच केलं,” आई म्हणाली.

तिथेच ती चुकत होती, आणि इतकी वर्षं आम्ही सगळेच. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भाजी बंद करायची नाही, सारखी ठेवायची. ज्याच्या खाण्यात व्हिटॅमिन के जवळजवळ नाहीच, त्याचा आकडा उलट जास्त डोलतो. चोवीसऐवजी सहाच ग्लास असतील, तर दोन नवे आले किंवा दोन फुटले तरी धंदा वरखाली होतो. आईचा आकडा हळदीकुंकवाला कुठे चार घास पालकाची भजी खाल्ली तरी का हलायचा, ते मला तेव्हा कळलं. रोज थोडं, ठरावीक खायचं. गोळीचा डोस त्या खाण्याला जुळवून डॉक्टर ठरवतात. मात्र खाणं वाढवायचं किंवा कमी करायचं असेल, तर आधी त्यांना सांगायचं, म्हणजे तपासणी लवकर करता येते.

उंदरांचा आयएनआर

शेवटी ‘विष’ हा शब्द उरला. तो मीच घरात आणला होता, मलाच काढायचा होता.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उंदरांसाठी निळसर-हिरव्या वड्या मिळतात. त्यात बहुधा ब्रोमॅडायोलोन असतं. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर सापडले. त्यांच्यातले ‘काका’च बदलले होते. मग जास्त जहाल औषधं काढली गेली आणि ब्रोमॅडायोलोन त्यातलं एक. तेही काकांचाच हात धरतं, पण फार घट्ट, आणि शरीरात कितीतरी दिवस राहतं. आईची गोळी काही मिलिग्रॅमची, आणि तिची दर महिन्याला मोजणी होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे फरक एवढाच, उंदरांचा आयएनआर कोणी काढत नाही.”

मी जे इतक्या परिच्छेदांत सांगत होते, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

त्या संकेतस्थळाच्या संपादकांना मी लिहिलं. त्यांनी सातवा मुद्दा बदलू दिला. आता तिथे उद्गारचिन्ह नाही. तिथे लिहिलंय की हे औषध आणि ते विष एकाच कुळातले आहेत, औषध मोजून दिलं जातं आणि ते स्वतःहून कधीही कमी करू नये. लेख आता आधीसारखा चालत नाही. चालेल.

तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर आम्ही आता पाळतो त्या चार गोष्टी सांगते. गोळीची वेळ ठरलेली ठेवतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. अंगदुखीची गोळी किंवा एखादा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी आकडा हलवतात. दाताच्या डॉक्टरांनाही आधी सांगतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर न कळत उठलेले निळे डाग किंवा डोक्याला मार, यातलं काही झालं तर वाट न बघता रुग्णालयात जातो. आणि तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा अचानक धाप लागणं ही गुठळीची लक्षणं असू शकतात, तेव्हाही एक मिनिट थांबायचं नाही.

आता बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे एक वाटी पालेभाजी असते. इथे ज्याला बथुआ म्हणतात ती आपली चाकवत. हे आईला पूर्वीपासून माहीत होतं, पण कित्येक वर्षांत तिने ती केली नव्हती. पहिल्या रविवारी तिने ताक आणि डाळीचं पीठ लावून, शेंगदाणे घालून पातळ भाजी केली, माझ्या आजीसारखी. बाबांनी दोनदा मागून घेतली. आईने स्वतःची वाटी मात्र मोजून भरली, ना जास्त, ना कमी.

मार्चमध्ये आकडा २.८ आला. कागद हातात घेऊन आई म्हणाली, “यावर पण लिही. पण आधी मला वाचून दाखव.”

हा लेख तिला दोनदा वाचून दाखवला आहे.